बारा शर्ट आणि एक गुप्त चावी

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार (वाकून केलाय असं समज, इस्त्रीच्या टेबलापाशी दिवसभर वाकूनच असते, त्यातला एक तुझ्या नावे).

तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला थांबला का? नसेल तर घरगुती उपाय पुरे झाले, तिला डॉक्टरकडे ने. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. मंगळवारी दुपारी बारा ते साडेतीन एवढा वेळ सोडला तर खरोखरच मजेत आहोत, आणि हे पत्र त्या साडेतीन तासांबद्दल आहे. चहा करून घे आणि मगच वाचायला बस.

तर, माझी क्रिप्टो कॉइन. लाँड्रीचा वाफेचा बॉयलर आता इतका थकलाय की सकाळी सुरू करताना त्याची समजूत घालावी लागते. नव्या बॉयलरसाठी जे पैसे बाजूला टाकले ते मी एक्सचेंजवरच्या त्या कॉइनमध्ये घालून ठेवलेत, हे तुला ठाऊकच आहे. पण ठेवणं वेगळं आणि ठेवून गप्प बसणं वेगळं. भाव चढला की उतरला हे बघायला मी दिवसातून चाळीसदा फोन उघडायची. (चाळीस हा आकडा लेकीचा. मी मोजले नव्हते.) मागच्या आठवड्यात एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात इस्त्री अशी उभी असताना शेजारच्या दंतवैद्यांच्या शर्टाची कॉलर छान खरपूस झाली. ते हसून ‘असू दे’ म्हणाले. पण माझी अक्कलदाढ त्यांच्याकडेच काढायची आहे, त्यामुळे ते हसणं मला फार लागलं.

लेकीला हे कळलं. ती दूर राहते, संगणकाचं काम करते आणि माझी आई असल्यासारखी वागते. तिनं फर्मान काढलं की ती एक छोटा प्रोग्रॅम लिहून देणार, तो लाँड्रीतल्या संगणकावर बसून ठरल्या वेळी थोडी थोडी खरेदी-विक्री करणार, आणि मी फोन ड्रॉवरमध्ये टाकून कॉलरींकडे बघणार. त्यासाठी एक्सचेंजच्या खात्यातून एक चावी तयार करावी लागते, तिला एपीआय की म्हणतात. ही चावी लोखंडाची नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. त्यांच्या दोन रांगा असतात, एक साधी आणि एक गुप्त. त्या दाखवल्या की प्रोग्रॅमला पासवर्डशिवाय खात्यात शिरता येतं. म्हणून लेकीनं बजावलं, की चावीला तीन परवानग्या देता येतात, खातं बघायची, व्यवहार करायची आणि पैसे बाहेर काढायची, त्यातल्या तिसरीपुढच्या चौकोनाला हातसुद्धा लावायचा नाही. (आपण इस्त्रीवाल्या काकांना दुकान उघडायला देतो, गल्ला नाही, तसं.) शिवाय चावी फक्त आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून चालेल असं बंधन घालायचं. आणि गुप्त रांग एकदाच दिसते, पुन्हा कधीच नाही, तर ती तिथल्या तिथे पासवर्ड ठेवायच्या ॲपमध्ये टाकायची. कागदावर नाही, मेसेजवर नाही, फोनवर वाचून दाखवायची नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. फोनवर मी नेहमीच हो म्हणते.

मंगळवारी बारा वाजता बसले. पत्त्याच्या रकान्यात आपला पत्ता लिहिला: बेकरीच्या समोर, तळमजला, निळी पाटी. रकाना काही तो घेईना. मी जिना कुठल्या बाजूला आहे तेही लिहून पाहिलं. (तो पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा, आकड्यांचा, हे नंतर कळलं.) शेवटी रकाना तसाच सोडला, बटण दाबलं, आणि गुप्त रांग समोर उभी. चौसष्ट अक्षरं! आणि तीही एकदाच दिसणार! ॲप कुठलं आणि काय कुठलं. हाताला लागला शर्टाच्या घडीत घालायचा पुठ्ठा, त्यावर डागांना खूण करायच्या पेन्सिलीनं भराभर उतरवून घेतली, पान बंद केलं आणि काउंटरवर घंटी वाजली म्हणून उठले.

परत आले तर पुठ्ठा गायब. आपले इस्त्रीवाले काका एका कानानं ऐकतात, पण काम दोन्ही हातांनी करतात. त्यांनी पुठ्ठ्याची लिहिलेली बाजू आत ठेवून त्यावर शर्टाची घडी घातली होती, आणि असे एकसारखे बारा पांढरे शर्ट घेऊन वाद्यवृंदाचा ड्रमवाला निघूनही गेला होता. नेमकं तेव्हाच मला आठवेना, की त्या तिसऱ्या चौकोनावर मी खूण केली होती की नव्हती. दादा, माझ्या डोळ्यांसमोर बॉयलर पाय फुटून चालू लागला.

मी ॲप्रनसकट धावले. तालमीचा हॉल दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. वर पोचले तोवर शर्ट वाटून झाले होते. मी धापा टाकत पुठ्ठे मागितले. एकानं त्याचा पंखा केला होता, एकानं वर बिस्किटं मांडली होती, ड्रमवाल्यानं एक दुमडून ड्रमच्या डगमगत्या पायाखाली घातला होता. बाराही गोळा केले, अकरा कोरे निघाले. बारावा क्लॅरिनेटवाल्याच्या स्टँडवर होता, आणि तो त्याकडे बघून मन लावून वाजवत होता.

त्याचं म्हणणं असं, की अक्षरांत सूर लिहायची एक पद्धत असते, यातही सुरांची अक्षरं मधूनमधून येतात, तेव्हा संचालकांनीच नवी चाल पाठवली असणार. आकडे आले की तो तेवढे ठोके थांबत होता. संचालकांनी आपण काही पाठवलं नाही म्हटल्यावर त्यानं पुठ्ठ्याचा फोटो काढून वाद्यवृंदाच्या ग्रुपवर टाकला होता, हे कुणाचं म्हणून. ग्रुपमध्ये सेहेचाळीस जण. त्यातल्या नऊ जणांनी अंगठा दाखवला होता.

मी तिथेच ड्रमच्या स्टुलावर बसले आणि लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं आता ती ओरडणार. ती म्हणाली, “आई, ती चावी रद्द कर.”

“आणि मग?”

“मग काही नाही. मेली ती. सेहेचाळीस जण वाजवत बसू देत.”

रद्द करायला एक मिनिट लागलं. म्हणजे तीन जिने, बारा शर्ट आणि माझी धावपळ, सगळं फुकट. तिसऱ्या चौकोनावर खूण नव्हतीच, हेही तेव्हाच दिसलं, आणि खात्यातलं सगळं जागच्या जागी होतं. मला हसू फुटलं ते आवरेना. संचालक घाबरून पाणी घेऊन आले. मी सांगितलं, चाल आता मोकळी आहे, खुशाल वाजवा. आणि त्यांनी वाजवली, बाराही जणांनी. चाल अगदीच काही वाईट नाही. मधे नवाच्या आकड्यांपाशी जरा रेंगाळते.

दुकानात परतून मी नवी चावी काढली: दोनच खुणा, आकड्यांचा पत्ता, गुप्त रांग थेट ॲपमध्ये. प्रोग्रॅम बुधवारपासून काम करतोय आणि फोन ड्रॉवरमध्ये आहे. या बाबतीत आता मला कुणी काही शिकवायची गरज नाही. वहिनीला नमस्कार, आणि गुडघ्याला सांभाळून.

तुझी,
धाकटी

ता. क. त्याच उत्साहात मी पासवर्डही बदलायला गेले. एक्सचेंजनं विचारलं, तुमच्या लहानपणच्या मांजराचं नाव काय? मी लिहिलं मखमल. चूक. मखमली. चूक. मखमलराणी. चूक. आता एकच संधी उरलीय, नाहीतर खातं गोठतं, बॉयलरसकट.

ता. क. २. खात्याचा अर्ज दोन वर्षांपूर्वी तू इथे आला होतास तेव्हा तूच भरलास. मी इस्त्री करत होते. एका रकान्यापाशी तू गालातल्या गालात हसलास, ते मला आता कळतंय. तू त्या मांजराला काय हाक मारायचास ते मी, मांजर माझं या हट्टापायी, पन्नास वर्षं तोंडातून काढलं नाही, त्यामुळे आठवतही नाही. तेवढं कळव. बंद पाकिटातून. गुप्त गोष्ट फोनवर सांगायची नाही, नाहीतर एवढं लांबलचक पत्र कशाला लिहिलं असतं?

ता. क. ३. बरं, मान्य. मांजर तुझं होतं. पण दूध मीच घालत होते.