कोरा ठेवायचा रकाना

तात्या,

गेल्या गुरुवारी सकाळी मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी गेलो, गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि शिकवणीच्या फायलीतला पहिला कागद काढून माझ्या डब्याच्या पिशवीत लपवला. उदबत्ती आणि चोरी पाच मिनिटांच्या आत, एकाच हाताने. पिशवी टेबलाखाली सरकवली, लाकडी पट्टी समोर घेतली आणि दिवसभर परवान्यांचे आकडे जुळवत बसलो. पट्टी तीच, तुम्ही दिलेली. एका टोकाला अजून तुमच्या दातांच्या खुणा आहेत. विचार करताना तुम्ही ती चावायचात.

नाशिक रोडचं आपलं ऑफिस तिथेच आहे, त्याच जिन्यावर. टाइपरायटर गेले. गिऱ्हाइकांच्या बाहेरदेशाहून येणाऱ्या मालाची कस्टमला द्यायची एन्ट्री आता सगळी संगणकावर होते. पण तुम्ही आलात तर अर्ध्या तासात कामाला लागाल, कारण विचारतात तेच. कोणता परवाना, कोणता दाखला, कोणी दिला, कोणत्या तारखेला, किती मालासाठी. परवान्यातली कोणत्या क्रमांकाची वस्तू, त्यातला किती माल आधी आणून झाला, किती उरला. दाखल्यावर नग असतील तर नगच लिहायचे, बिलावर किलो आहेत म्हणून किलो लिहायचे नाहीत. कागदाचा फोटो चढवायचा आणि त्याला मिळालेला आकडा एन्ट्रीत घालायचा. मशीन पुष्कळ गोष्टी स्वतःच तपासतं, पण भरणाऱ्याने कागद खरंच पाहिला होता का, हे त्याला कळत नाही. ते तुम्हाला कळायचं.

तुम्ही नंबर उलटा वाचायला लावायचात. एकाने मूळ कागद हातात घ्यायचा, दुसऱ्याने एन्ट्रीवर पट्टी ठेवायची आणि शेवटच्या आकड्यापासून पहिल्याकडे यायचं. सुलट वाचलं की डोळा पुढचं स्वतःच म्हणून टाकतो, असं तुम्ही सांगायचात. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. निफाडकडच्या खेड्यातल्या शाळेत शिकलेला मी, पाढे घडाघडा म्हणणारा, आणि इथे एक म्हातारा माणूस मला आकडे उलटे म्हणायला लावतोय! मी भरभर वाचलं की तुम्ही पट्टी टेबलावर आपटायचात. "पाढे नाही म्हणायचे. एकेक." आज मी एकटाच वाचतो आणि एकटाच पट्टी धरतो. मध्येच थांबतो, पलीकडून कोणी "पुढे" म्हणेल म्हणून. कोणी म्हणत नाही. तात्या, इतक्या वर्षांत मला तुमची सगळ्यात जास्त आठवण आली असेल ती या एका शब्दापाशी.

तुमचा दुसरा नियम कोऱ्या रकान्याचा. मूळ कागद हातात नसेल तर त्याच्या नंबराचा रकाना कोरा ठेवायचा. बाकी एन्ट्री टाइप करायची, सही करायची, आणि तुम्ही सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन, विमानतळावर कागद डोळ्यांनी बघून, तिथेच पेनाने तो रकाना भरायचात. शेठ कुरकुरायचे. "अहो तात्या, नंबर फोनवर मिळतो की." तुम्ही म्हणायचात, "फोनवर नंबर मिळतो शेठ, कागद नाही मिळत."

तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा, फाल्गुनात, एका द्राक्षबागाईतदाराच्या काड्या आल्या, नव्या जातीच्या खुंटाच्या, थंड खोक्यांत, विमानाने. अशा मालाला दोन कागद लागतात. आपल्या सरकारचा आयात परवाना, आणि माल जिथून निघतो त्या देशाचा, काडीवर रोग-कीड नाही असा दाखला. परवाना आपल्याकडे होता. दाखला खोक्यांबरोबर यायचा होता. त्याचा फॅक्स मात्र बागाईतदाराकडे आधीच आला होता आणि त्याने मला फोनवर नंबर सांगितला. तुम्ही दोन दिवस तापाने फणफणत होतात, तरी संध्याकाळी सही करायला आलात. मला वाटलं, तेवढंच तुमचं काम हलकं करावं. आणि खरं सांगायचं तर मलाही दाखवायचं होतं की मला येतं. मी रकाना पेनाने भरून ठेवला. तुम्ही कागद हातात घेतलात, रकाना पाहिलात आणि विचारलंत, "कागद आला का?"

मी म्हणालो, "आला."

तुम्ही सही केलीत. शेठना फोन लावून सांगितलंत, की सगळं भरलंय, उद्या मी जात नाही, मुंबईचा आपला माणूस सोडवून घेईल.

पाठवताना तिकडे मोजणी केली तेव्हा काड्या कमी भरल्या होत्या, म्हणून त्यांच्या शेतकी खात्याने पहिला दाखला रद्द करून नवा दिला होता. खोक्यात नवा, एन्ट्रीत रद्द झालेला. एका मालाचे दोन दाखले बघून अधिकाऱ्याने खोकी अडवली, आणि त्याचं बरोबरच होतं. तिकडच्या खात्याचा खुलासा येईपर्यंत सहा दिवस गेले. काड्या विमानतळाच्या शेडमध्ये वाळत पडून राहिल्या.

सातव्या दिवशी बागाईतदार जिना चढून आला तो दिवस मला अजून समोर दिसतो. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या पाच-सहा काड्या. तो ओरडला नाही. त्याने एक काडी तुमच्या टेबलावर ठेवली. "मोडा, तात्या." तुम्ही मोडली. कटकन आवाज झाला. "आत हिरवं हाय का?"

"नाही."

"आता दुसरी मोडा. नाय, मोडाच. लय भारी काम केलं तुम्ही. खड्डे घेऊन ठेवलेत मी, शेणखत भरलंय, आणि लावू काय? तुमचे कागद लावू?"

शेठ आतून बाहेर आले. त्यांनी एन्ट्रीची प्रत मागितली, रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोणी भरलं?" मी तुमच्या मागे उभा होतो. माझं तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. शब्द आला असता की नाही, ते आठवत नाही. तुम्ही मागे वळून न बघता म्हणालात, "सही माझी आहे शेठ. चूक माझी."

त्या दिवशी दुपारी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. स्वयंपाकघरात काकू भाकरी थापत होत्या. पाटावर आपण दोघं, समोर शेंगदाण्याची चटणी आणि मेथीची भाजी, आणि काकू तव्याकडे बघत तुम्हाला विचारतायत, "पण न बघता लिहिलंत कसं तुम्ही? तुम्ही?" तुम्ही जेवत राहिलात. हात धुवायला मोरीपाशी गेलो तेव्हा तुम्ही हळूच बोललात. "पुढच्या महिन्यात तुझी कस्टमची परीक्षा आहे. एन्ट्रीवर सही करायचा पास हातात येण्याआधी नावावर असलं काही नको. माझी दोनच वर्षं राहिलीत." मग तांब्याने माझ्या हातावर पाणी ओतता ओतता म्हणालात, "खोटं बोलू नये हे तुला घरी शिकवलंय, ते मी नाही शिकवत. मी एवढंच सांगतो, 'आला' हा शब्द कागद हातात असतानाच उच्चारायचा." तुम्ही मला रागावलात ते तेवढंच. नंतर दोन वर्षांत त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

शेठनी तुम्हाला एन्ट्रीवरून काढून आवक-जावक रजिस्टरवर बसवलं. ज्या माणसाने मला एकेक आकडा वाचायला शिकवला तो पाकिटांवर तिकिटं चिकटवत होता, आणि मी परीक्षा पास होऊन त्याच्या खुर्चीवर बसलो होतो. पहिल्या दिवशी टेबलाच्या खणात पट्टी होती, रुमालात गुंडाळलेली. तुम्ही निवृत्त झालात आणि वर्षाच्या आत गेलात. एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता विचारणारं कोणी नाही, असं. मग रडलो. पण आधी ते वाटलं होतं.

नंतर जे झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. शेठनी त्या एन्ट्रीची झेरॉक्स शिकवणीच्या फायलीत पहिलीच लावली, रकान्याभोवती लाल गोल काढून. नवीन माणूस आला की त्याला तो कागद दाखवायचा. तुम्हाला कधीही न पाहिलेली माणसं घाई करणाऱ्याला म्हणू लागली, "अरे जपून, तात्या करशील." जेवणाच्या सुट्टीत हशा व्हायचा. "आज कोणाचा तात्या झाला?" आणि तात्या, तो कागद समोर ठेवून शिकवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मी शांतपणे शिकवतो. कागद बघितल्याशिवाय नंबर भरला की काय होतं ते पाहा, असं सांगतो. वणीच्या गडावर दर चैत्रात जातो आणि देवीपुढे सगळं कबूल करतो. देवीला सांगणं सोपं असतं. ती आपल्या ऑफिसात येत नाही.

या महिन्यात मालेगावची एक बाई कामाला लागली. तिशीतली, हुशार, आधी गोदामात काम केलेली. बुधवारी मी तिला तो कागद दाखवला. तिने पट्टी मागून घेतली, रकान्यावर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. शेजारचा म्हणाला, "मॅडम, पाठ करताय का?" ती माझ्याकडे वळली. "सर, सही तात्यांची आहे ना? मग हे सात तुमचं कसं? तुम्ही सातला पोटात आडवी रेघ मारता. सकाळच्या परवान्याच्या प्रतीवर तुम्ही उरलेला माल लिहिलात, तिथे तसंच आहे."

आमच्या गुरुजींनी इंग्रजी सात तसं शिकवलं होतं, एकाशी गल्लत होऊ नये म्हणून. इतक्या वर्षांत त्या कागदाकडे कोणी नीट बघितलंच नव्हतं. सगळ्यांनी लाल गोल बघितला. मी म्हणालो, "जुनी माणसं सगळीच तसं लिहायची. चला, कामाला लागा." ती कामाला लागली. पण तिने मान हलवली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद पिशवीत घातला.

तीन दिवस तो डब्याबरोबर घरी आला आणि परत गेला. एका कोपऱ्याला तेल लागलं. शनिवारी पूजेला बसलो तर जप होईना. तुम्ही त्या बाईला बघायला हवं होतं, हेच पुन्हा पुन्हा मनात येत होतं. तुम्हाला हवी होती तशी नजर अखेर आपल्या ऑफिसात आली, आणि तिला मी पहिल्याच महिन्यात काय शिकवलं, तर बघितलेलं सोडून द्यायला.

सोमवारी शेठ आल्यावर मी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. शेठ आता पंच्याहत्तरीचे आहेत, काठी घेऊन येतात. मी कागद ठेवला. लाल गोलाखाली मी रात्रीच पेनाने लिहून आणलं होतं, 'हा नंबर मी भरला. मूळ दाखला पाहिला नव्हता. तात्यांनी माझ्यासाठी चूक अंगावर घेतली.' खाली माझी सही. मी तेवढंच वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. शेठनी कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. "मी त्यांना रजिस्टरवर बसवलं," ते म्हणाले. मग, "तू बघत होतास."

"हो शेठ."

"पुढचं मला बोलायचं नाही." ते आत गेले. त्या बाईने कागद उचलला, खिडकीशी जाऊन वाचला आणि फायलीत पहिल्या जागी लावला. आदल्या आठवड्यात "तात्या करशील" म्हणणारा जरा वेळाने कोणाला तरी म्हणाला, "तात्यांना दाखवल्यासारखं वाच." त्याने ते मुद्दाम म्हटलं की सहज, कळलं नाही.

आज दुपारी काकूंकडे गेलो. त्यांना हल्ली कमी दिसतं, पण पावलांवरून ओळखतात. ऑफिसात जे वाचलं ते सांगितलं, आणि तिथे जे वाचलं नव्हतं तेही सांगितलं. तुम्ही विचारलंत, आणि मी 'आला' म्हणालो. मला वाटलं होतं, त्या मला बाहेर काढतील. त्या मात्र तुमच्या फोटोकडे तोंड करून बसल्या. "मी दोन वर्षं टोचत राहिले रे त्यांना," त्या म्हणाल्या. "भाकरी वाढताना, पाणी देताना. न बघता कसं लिहिलंत म्हणून. आता मी कोणाला सांगू, चुकले म्हणून?" माझं ओझं मी उतरवलं ते काकूंच्या मांडीवर, हे मला तिथे बसल्यावर कळलं. उठताना त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ये. जेवायला नाही. मला सगळं पहिल्यापासून सांगायला ये." मी जाणार आहे.

हे पत्र पट्टीबरोबर त्याच रुमालात ठेवतोय. ऑफिसला सांगितलं, काकूंना सांगितलं. विचारलं होतं मात्र तुम्ही, आणि तुम्हाला दिलेलं उत्तर अजून तेच राहिलं होतं.

कागद नव्हता आला, तात्या.