हजार लिराची बाई

५ ऑक्टो., रवि.
परत कल्याणला गेलेलो, जुन्या नोटावाल्या काकांकडे. प्लॅस्टिकखाली ती अजून आहे. इटलीची, हजार लिरा. पिकल्या केसांची बाई. लहान पोरांना शिकवायची वेगळी पद्धत काढली म्हणे तिने. मागे पोरं अभ्यास करतायत. माझ्याकडे इटलीच्या नोटांवरचे रेडिओवाला, बॅटरीवाला, गाणीवाला आहेत. ही नाय.
ताई सोबत असती तर तिनेच विचारलं असतं. माझं सगळं तीच बोलायची. मी नुसता उभा राहून आंबिवलीला परत.

७ ऑक्टो.
ताईला हीच पायजे होती. "ही आपली मॅडम" बोलायची. आता स्वतःच मॅडम झालीय, कल्याणला बालवाडीत. कोर्टात लग्न केलं तेव्हापासून आई तिचं नाव पण घेत नाय. घरात आम्ही दोघंच. आई गप्प. मी तर नववीत शाळा सोडली तेव्हापासूनच.
भाऊबीजेला ताईला द्यायची. फिक्स.

१२ ऑक्टो., रवि.
विचारलं!!
"काका, ती... बाई."
"आयला, तुला बोलता येतं?"
घेतली. एक घडी नाय नोटेला. काका बोल्ले, "बोट नको लावू. डाग पडला की मेली समज."
आईने बघितली. "कोणाला?" – "ताईला." आई भांडी घासत राहिली.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
वाट लागली. शेजारी फराळ देऊन आलो तर माझ्या सगळ्या नोटा पाटावर, पूजेत. त्या मांडल्या ते ठीक. पण बाईच्या कपाळाला हळदकुंकू. ओलं!
"काय केलंस आई!" एवढ्या जोरात मी कधीच ओरडलो नव्हतो.
"बाईमाणूस आहे ती. घरातनं मोकळ्या कपाळाने पाठवू?"
रेडिओवाल्याला काय नाय लावलं. बाकीच्यांना पण नाय. फक्त तिला.

२२ ऑक्टो.
कापूस घेऊन बसलेलो पुसायला. नाय पुसलं.

२३ ऑक्टो., भाऊबीज
ताईने ओवाळलं. नोट दिली, सॉरी बोल्लो. ती खिडकीत घेऊन गेली.
"आईने लावलं? स्वतः?"
"हो."
"मला देणारेस, माहीत होतं तिला?"
"हो."
मग पाठ करून उभी. चहा उतू गेला, भाऊजी धावले. "अगं गॅस!" हिला पत्ताच नाय.
निघताना जिन्यात हात धरला माझा. "मी येऊ का घरी? विचार ना तिला."

घरी आलो तर आई दारातच, हात पिठाचे.
"दिलीस?"
"हो."
"काय बोल्ली?"
लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं ताईचं. आणि मी वही घेऊन बसलो, काहीतरी करायचं म्हणून. आई अजून तिथेच. हाताला पीठ तसंच. "अरे, बोल की," बोलतेय.