दाजींची गाडी सागाला अडकली आहे

पेठ, मे १९९६

आक्का, दत्तूचा नमस्कार. मी धडधाकट आहे, हे आधी दाजींना वाचून दाखव. बाळीचा ताप उतरला का?

दाजींची मोटारसायकल घेऊन सरळ घरीच येणार होतो, पण जंगलातली वाट दिसली आणि वळलो. करवंदं काय गोड आहेत तिथली! माथ्यावर पेट्रोल संपलं. रिझर्व्हसाठी पेट्रोलचा कॉक फिरवायला गेलो, तर तो मागच्या वेळेपासून रिझर्व्हवरच! बंद गाडी उतारावर सोडली. ब्रेक तापून लागेनात, पुढे वळणावर दरी दिसली, मी उडी टाकली. गाडी खाली सागाला अडकली आहे. माझा गुडघा खरचटलाय, एवढंच.

पाड्यावरचा सोमा म्हणतो, "गाडी कुठं पळत नाय, आधी घरला कळव." म्हणून एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देतोय.

दाजींना उद्या पाठव. वाटेल तेवढं बोलू देत. त्या वळणावर मला एकट्याला परत जाववत नाही.

तुझाच,
दत्तू