ब्रेकमधली हवा

प्रिय ठमे,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. चिमणीला सुट्टीत आमच्याकडे एकटीला पाठवू का, असं तू विचारून बरेच दिवस झाले. आईने फोनवर "पाठव गं, विचारतेस काय!" म्हणून सांगून टाकलं आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोनला मी मागून नुसतं "बघू, बघू" करत राहिलो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला नात जड झाली. तसं नाही गं. मला फोनवर बोलता येत नाही. फोन तुझ्या आईच्या हातात असतो, आणि माझ्या हातात आला तरी ती शेजारीच बसलेली असते. तिच्यासमोर तिच्याबद्दल काय बोलू? म्हणून कागद घेतला. तोही दोनदा फाडला. मी जेमतेम सातवीपर्यंत शिकलेला, आयुष्य गेलं टॅक्सीच्या चाकामागे, पत्रं लिहिलीत कुणाला. तिकीट काढलं असशील तर असू दे, पण हे सगळं वाचून होईपर्यंत पोरीला काही सांगू नकोस. आणि जावईबापूंना शांतपणे सांग, ते लगेच चिडतात.

तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच, चिमणी येणार म्हणून मी गाडी काढली. तिला स्टेशनवरून आणायचं तर ब्रेक पक्के हवेत, हे माझ्या डोक्यात बसलं. डबीचं झाकण उघडून पाहिलं तर ब्रेकचं तेल उकळून ठेवलेल्या चहासारखं काळं झालेलं. हे तेल हवेतलं पाणी ओढतं, मग गाडी तापली की ऐन वेळी दगा देतं. गॅरेजवाल्यांवर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. वरची डबी पुसून नवं तेल ओततात आणि बदललं म्हणून सांगतात. मी आयुष्यभर ते घरीच बदललं. पण हे काम एकट्या माणसाचं नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी पडून निपल, म्हणजे तेल सोडायचा पोकळ बोल्ट, सैल करायचं, जुनं तेल नळीतून बाटलीत येऊ द्यायचं, निपल आवळायचं, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला की हवा आत जाते. हवा गेली की ब्रेक गेला.

आत बसायची ती तुझी आईच. लग्न झाल्यापासून. तू पाळण्यात असतानासुद्धा एका हाताने पाळण्याची दोरी ओढत, अर्धी गाडीत अर्धी बाहेर बसून तिने पेडल दाबलेलं आहे. मी खालून ओरडायचो "दाब", ती म्हणायची "धरलंय". मी "सोड", ती "सोडलं". ती शेजारणींना सांगायची, अहो, अख्ख्या संसारात एवढी एकच गोष्ट हे सांगतात आणि मी ऐकते. मीही ऐटीत सांगायचो की माझी बायको नुसती बायको नाही, निम्मा मेकॅनिक आहे. तिचा आवाज आला की मी डोळे झाकून पाना फिरवायचो.

आता सांगायचं ते सांगतो. गेल्या वर्षापासून आईचं काहीतरी बिनसलं होतं. मीठ दोनदा पडायचं, दुधाचे पैसे तीन वेळा द्यायला निघायची, कपाट उघडून उभी राहायची. मी म्हणायचो, वय झालं, माझं तरी काय वेगळं आहे, मीही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. डॉक्टरांकडे नेलं नाही असं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं. मीच गेलो नाही. ते काय सांगतील त्याची भीती वाटली. ज्याचं नाव घेतलं नाही ते घरात शिरत नाही, असं काहीतरी वेड्यासारखं मनात होतं.

त्या सकाळी तिला चालकाच्या जागेवर बसवलं. पुढच्या चाकाचं निपल हाताशी यावं म्हणून किल्ली लावून स्टिअरिंग वळवून ठेवलं, आणि खाली आडवा झालो. "दाब," म्हटलं. "धरलंय," वरून आवाज आला. अगदी तोच, जरा वैतागलेला, चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखा. मी निपल सैल केलं. थेंबसुद्धा नाही. पुन्हा म्हटलं दाब, पुन्हा आलं धरलंय. मला वाटलं नळीच तुंबली. ती ओढून काढली आणि वाकून बघायला तोंड जवळ नेलं, तेवढ्यात वरून पाय दणकन पडला आणि सगळी पिचकारी माझ्या डोळ्यांत. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं म्हणतात ना, ते असं. मी ओरडलो, "अगं, धरून ठेव!" ती म्हणाली, "धरलंय, धरलंय," आणि पाय उचलला. एक डोळा किलकिला करून पाहिलं तर खालून तिची चप्पल दिसली, दारातून बाहेर लोंबकळणारी. दोन्ही पाय बाहेर होते ठमे. ती बाहेर बघत बसली होती आणि माझ्या प्रत्येक हाकेला ओ देत होती.

मी निपल चाचपून कसंबसं आवळलं, म्हटलं, "इथेच बस, हलू नकोस," आणि मागच्या नळावर डोळे धुवायला धावलो. किल्ली तशीच राहिली. डोळ्यांची आग आग होत होती, आणि डोळ्यांपेक्षाही आत कुठेतरी. तिथे वाकलेलो असतानाच गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं शेजाऱ्यांची. मग पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला आणि उताराखालच्या शिंपीदादांची आरोळी.

आपल्या गल्लीचा उतार तुला ठाऊक आहे. गाडी उतारावरून सरळ शिंपीदादांच्या दुकानात घुसली. ब्रेक होताच कुठे, पेडल लोण्यात बोट घालावं तसं खाली जात होतं. शिंपीदादा नुकतेच बाकावरून उठून सुईत दोरा ओवायला बाजूला उजेडात गेले होते, म्हणून वाचले. बाकाच्या चिंधड्या झाल्या. तुझ्या आईचं खांद्याचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा ती काच झटकत बसली होती, आणि माझ्यावरच डाफरली, "बघत काय उभे राहिलात? शाळा सुटली असेल. पोर फाटकात एकटी उभी राहील." पोर म्हणजे तू. तिला वाटत होतं, पूर्वीसारखी ती गाडी चालवत तुला आणायला निघाली आहे.

शिंपीदादांनी पोलिसात जाणार नाही म्हणून सांगितलं. "मशीन वाचलं, बाक काय, माझ्या सासऱ्याने दिलेला होता, गेला ते बरंच झालं," असं म्हणून ते हसले. पण त्या दिवसापासून ते गल्लीकडे पाठ करून बसत नाहीत. गाडी मी मोडीत दिली. आईला सांगितलं दुरुस्तीला दिली आहे. रोज विचारते, रोज तेच सांगतो. दाराला आतून वर कडी बसवून घेतली आहे, गॅसचा रेग्युलेटर काढून मी उशाशी ठेवतो. डॉक्टरांकडे आता नियमाने जातो. त्यांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, शुद्धलेखन येणार नाही आणि हातही चालणार नाही. ते म्हणाले, बोलण्यातली सवय सगळ्यात शेवटी जाते, म्हणून घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. तू फोन केलास तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता, आणि तुला ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय!" तू हसलीस. मी समोर बसून ऐकत होतो.

तर ठमे, चिमणीला पाठवू नकोस. हे लिहिताना माझा जीव कसा तुटतोय ते मलाच माहीत, पण पोरीला इथे कुणाच्या भरवशावर ठेवू? मी अंघोळीला गेलो आणि हिला वाटलं शाळेची वेळ झाली, तर ही तिचा हात धरून कुठेही निघेल, आणि पोर विश्वासाने जाईल, आजीच आहे म्हणून. तिला सांग, आजोबांचे डोळे आले आहेत. पण तू ये. एकटी ये आणि लवकर ये. मागच्या रविवारी तुमचं इतका वेळ बोलणं झालं, शाळा, खोकला, जावईबापूंची बदली, सगळं तिने विचारलं, सगळ्याला हसली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "कोण हो ही? किती मायेने बोलते. हिच्या आईचं नशीब चांगलं." मी भांडी घासायला उठलो. समोर येऊन बसलीस, चेहरा दिसला, तर अजून ओळखेल असं मला वाटतं. डॉक्टर हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. तिने ओळखलं नाही आणि पाहुण्यासारखं राहावं लागलं तरी चालेल, पण ये. येतेस की नाही, कधी येतेस, तेवढं दोन ओळींत कळव, फोनवर नको, पत्रच टाक. मी रोज दुपारी पोस्टमनची वाट बघत दारात बसणार आहे.

तुझाच,
बाबा