आटपाडीच्या मैदानावर

अक्का, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. शाळा चौथीपर्यंतच, लिहायची सवय नाही. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, म्हणून तुलाच सांगतो. मी हल्ली गावोगाव बायकांची कबड्डी बघत फिरतो. सातारा, सांगली, माधवनगर. पेपरात सामना दिसला की एसटी पकडतो. कंपन्यांनी खेळासाठी नोकरीवर घेतलेल्या मुली येतात, हाफ पँटवर खेळतात, मैदान भरून माणसं बघतात आणि कुणी हसत नाही. सून म्हणते, “आवं मामंजी, या वयात पोरींचा खेळ बघत हिंडताय, लोक काय म्हणतील?” मी पिशवी उचलतो. लोकांना मी एकदा भ्यालोय.

पंचमीला उंब्रजला माहेरी आलीस की तू कासोटा मारून हुतूतू खेळायचीस. त्या वर्षी चौघींना ओढत आणून तू रेषेला हात लावलास, तेव्हा पारावरचा एक जण मला म्हणाला, “गड्या, तुझी भैन लय दांडगी. तिला लंगोट दे न् तू बांगड्या भर.” सगळे हसले. पुढच्या पंचमीला तुला आणायला मुराळी म्हणून मीच यायचं होतं. आलो नाही. ताप आलाय, असा निरोप धाडला. तू गाठोडं बांधून दिवसभर उंबऱ्यात बसून होतीस, हे मला नंतर कळलं. त्याच पौषात तू बाळंतपणात गेलीस.

तुझ्या सासरच्या त्या आटपाडीला पुन्हा कधी पाय ठेवला नव्हता. काल सामन्यासाठी गेलो. बसमध्ये तिकीट सारखं चाचपत होतो, उतरावं की तसंच परत फिरावं ठरेना. मैदानावर एक उंच मुलगी चढाईला जाते, तिघी तिचे पाय धरतात, ती पडल्या पडल्या रेषेकडे हात लांबवते. मी उभाच राहिलो.

“खाली बसा की वं,” मागची म्हातारी म्हणाली. “तुमची कोण हाय का त्यात?”

“बहिणीला न्यायला आलोय.”

“आता? पंचमी होऊन तीन म्हैनं झालं की.”

मी खाली बसलो. त्या मुलीचा हात रेषेला लागला की नाही, ते बघायचं राहिलं.

अक्का, मला ताप नव्हता. हे पत्र टाकायला पत्ता नाही, उशाखाली ठेवतोय. पण तुझ्याकडे यायला पिशवी भरलेली आहे. तू नुसता निरोप धाड, लवकर.