दादाच्या लॅपटॉपचं कुलूप

झरी,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक आहेत, आईचे गुडघे सोडून. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र शेजारच्या भुजंगजवळ देते आहे. तो उद्या पुण्याला निघतोय.

तुझा लॅपटॉप विहारातल्या अभ्यासिकेला द्यायचं मी ठरवलं आहे. रागावू नकोस. त्यातली विंडोज आता सुरूच होत नाही आणि नवी त्या जुन्या मशीनला पेलत नाही. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स टाकणार. फुकट आहे, हलकं आहे आणि कुणा एकाच्या मालकीचं नाही. पाणवठा सगळ्यांना खुला असावा, तसं. मुलींना भरतीच्या सराव परीक्षा देता येतील. रविवारपासून या, असं मी सगळ्यांना सांगूनही बसले आहे.

बाबांचा भीमगीतांचा पेनड्राइव्ह मागितला. म्हणाले, "माझे गाणे पुसले तर बघ." गाणी आधी मोबाइलमध्ये घेतली. मग गाणी भरतो तशीच लिनक्सची फाइल त्यावर टाकली. काहीच झालं नाही. परभणीची माझी मैत्रीण मंजुषा हसली. "नुसती टाकून चालत न्हाई गं. येगळ्या प्रोग्रामनं चढवावी लागती, तवा मशीन त्याच्यावरून चालू होती." तिच्याच कॉम्प्युटरवर तिने ते करून दिलं. एसटीत मी पेनड्राइव्ह मुठीत धरून आले.

आता पेनड्राइव्हवरून सुरू करायला गेलं की लॅपटॉप पासवर्ड मागतो. विंडोजच्याही आधीचा, तू टाकलेला. तो दिल्याशिवाय पेनड्राइव्हकडे मशीन बघतच नाही. तीनदा चुकलं की बंद पडतं. दुरुस्तीवाला म्हणाला, "ज्यानं टाकलाय त्यालाच इचारा, ताई."

बाबा शेजारी येऊन बसले. आधी आईचं नाव सांगितलं, "सरजाबाई टाक." टाकलं. "झरी टाक." टाकलं. मग हळूच स्वतःचं नाव सांगितलं, "सटवाजी टाकून बघ बरं." तेही नव्हतं. बाबा उठून बाहेर गेले. आई म्हणाली, "ज्याला डबा म्हणलं, त्याच्यात यांचं नाव कशाला ठुईल लेकरू?"

दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस मला लिहायचा नव्हता. पेढे माझ्या निकालाचे होते, आणि ते हातात धरूनच बाबा तुला बोलले, "पोरीनं नाव काढलं. तू डबा उघडून बस." त्या संध्याकाळी तू मान खाली घालून लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होतास. लॅपटॉप इथेच ठेवून सकाळच्या गाडीने गेलास. माझ्याशीही बोलला नाहीस.

रविवारी मुली येतील. त्यांच्यापुढे बंद लॅपटॉप कसा ठेवू, मला काही सुचत नाही.

एक नाव टाकायचं राहिलं आहे. माझं. बोटं तिथवर जातात आणि थांबतात. ते नसलं तर काय समजायचं, आणि असलं तर दोन वर्षं मी तुला काय समजत होते, दोन्हींची भीती वाटते. तू टाक म्हणालास तरच टाकीन.

अजून तुझ्या कुलपाच्या दाराबाहेरच बसलेली,
तुझी बबिता