शंभर मीटरच्या आतला गृहस्थ

१० मार्च
निश्चय: शुयुनच्या लग्नाचा विषय काढायचा नाही. मुलगी एकोणतीस वर्षांची आहे, तिचं खासगी आयुष्य आहे. दर रविवारी बागेतल्या लग्नबाजारात छत्रीवर तिच्या माहितीचा कागद लावते, ते वेगळं. शांघायमधले सगळेच आईबाप लावतात. त्यात फक्त वय, उंची, पगार आणि आमची बिल्डिंग.

१२ मार्च
जवळपासची स्थळं दाखवणारं ते ॲप शुयुन सतत बघते. समजून घ्यावं म्हणून मीही घेतलं. स्त्री, वय अठ्ठावीस (मनाने तेवढंच). तासाभरात एकेचाळीस पुरुष. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: राहतेस कुठे? बंद केलं.

१३ मार्च
पुन्हा उघडलं, पुरुष म्हणून. फोटोऐवजी प्लमची फांदी. केवढी शांतता. कुणी काही विचारत नाही. यादीत पहिलीच शुयुन. नाव खोटं, फोटो पाठमोरा, पण कोट मीच घेतलेला. नमस्कार पाठवला. ही हेरगिरी नव्हे.

२० मार्च
उत्तरं देते. म्हणाली, आई प्रेमळ आहे, पण मी न्हाणीघरात असले तरी दाराशी उभी राहून बोलते. विनोदी आहे पोर.

२६ मार्च
वडिलांची आठवण येते का, विचारलं. पलीकडच्या खोलीत हुंदका ऐकू आला. जवळ घ्यावंसं वाटलं, पण मला कसं कळलं म्हणून सांगणार? 'गरम पाणी पी' असं लिहिलं. सगळे पुरुष तेच लिहितात म्हणे.

४ एप्रिल, छिंगमिंग (पितरांचा दिवस)
सूचौजवळच्या टेकडीवर ह्यांची कबर झाडायला गेलो, दोघीच. फळं, दारू, तांदळाचे हिरवे उंडे. हळूच संदेश पाठवला: वडिलांना नमस्कार केलास का? शुयुन पांढरीफटक पडली. एकेका कबरीमागे वाकून बघत होती. किती माया वडिलांवर.

५ एप्रिल
ॲपवर अंतर दिसतं म्हणे. मला कुठे ठाऊक? शुयुन सांगते, ती घरी असताना एक माणूस शंभर मीटरच्या आत असतो, काल टेकडीवरही होता. "आई, तो बाबांच्या कबरीपर्यंत आला गं." सगळं सांगून टाकायचं ठरवलं. उद्या. आज ती दमली आहे.

६ एप्रिल
पोलीस चौकीत गेलो. साहेब म्हणाले, माणूस सभ्य दिसतो, काळजीने बोलतो, मुलींनीच असली ॲप वापरू नयेत. 'सभ्य' ऐकून बरं वाटलं. घरी येऊन खातं पुसून टाकलं. आता सांगण्यासारखं उरलंच काय?

११ एप्रिल
शुयुन दोन बॅगा घेऊन गेली. नवा पत्ता मागितला. "रागावू नकोस आई, पण तुझ्याशी कुणीही गोड बोललं की तू सांगून मोकळी होतेस. पत्ता कुणालाच देणार नाही." तू एकटी आहेस, बाबांचे जुने बूट दाराबाहेर ठेव, म्हणाली. घरात पुरुष आहे असं वाटेल.

१२ एप्रिल
बूट पॉलिश करून ठेवले. दिवसभर कुणीच आलं नाही.